पिण्याच्या पाण्यात होडी

११ मे ८६, रविवार. नैनिताल

पोचलो एकदाचे! काठगोदामपासूनच्या बसमध्ये निम्मी माणसं पिशवीत तोंड घालून बसली होती. मी नाही. शेवटच्या वळणावर तळं दिसलं — हिरवंगार, वर पांढऱ्या शिडांच्या होड्या, चहूकडून डोंगर. मला रडूच आलं. म्हटलं, अहो बघा, बघा तरी! तर हे म्हणतात काय, "पाणी बराच उतारला हा."

एकतीस वर्षं ह्यांनी तुळशी तलावाच्या फाटकावर काढली. येणाऱ्याचा पास बघायचा, मगच आत सोडायचं. पहाटे सहाला पट्टीवर पाण्याची पातळी बघून वहीत लिहायची. आमचं क्वार्टर पाण्यापासून पन्नास पावलांवर. एकतीस वर्षं खिडकीतून तळं बघितलं, पण पायाचा अंगठासुद्धा बुडवला नाही. सगळ्या मुंबईचं पिण्याचं पाणी ना ते! लग्नाच्या पहिल्या वर्षी मी हट्ट धरला, तेव्हा म्हणाले होते, "रिटायर झालंय की तुका दुसऱ्या तळ्यार नेतलंय. होडयेत बसयतलंय."

मुलुंडला राहायला आल्याला दोन वर्षं झाली. नाव काढतील तर शपथ! शेवटी टूरमध्ये नावं मीच घातली. होडीत दोघं शेजारी बसायचं, पाण्यात हात सोडायचा. एवढंच मला हवंय. फार आहे का?

१२ मे, सोमवार

चिडून चिडून डोकं दुखतंय.

दहाला सगळ्यांची होडी ठरलेली. मी नारिंगी साडी नेसून तयार — आणि हे गायब! टूरचा मॅनेजर विद्याधर सगळा रस्ता पालथा घालून आला. मग मलाच सुचलं. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, पाणी बाहेर सोडतात तिथे, कठड्यावरून ओणवे होऊन उभे होते. मला बघून लहान मुलासारखे हसले. "पट्टी गावली गे!"

एवढं खुशीत मी त्यांना दोन वर्षांत बघितलं नव्हतं. म्हणून जास्तच राग आला.

तोवर होड्या सुटल्या होत्या. आमच्याबरोबरच्या बोरिवलीच्या मृणालिनीताई परत येऊन म्हणतात, "विमलाताई, काय मिस केलंत तुम्ही!" मला ठाऊक नाही होय?

दुपारी म्हटलं, चला, आपण दोघंच जाऊ. तर म्हणे, "ह्या पाणी गावातली माणसा पितत. आनि तेच्यात होडयो?" कुणाला तरी विचारून खात्री करून आले होते! झालं. पाय काही हलला नाही.

१३ मे

वारा. होड्या बंद. हे खूष!

१४ मे, बुधवार

आज तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे परत होडीला निघाले. ह्यांना मी हाताला धरूनच नेलं. चंद्रप्रकाश निघताना म्हणाला होता, "आई, बाबांना कुठे एकट्याला सोडू नकोस हं." मी कुठे सोडते? तेच मला सोडून पळतात!

पायऱ्यांपाशी पोचलो, तर हात सोडवून हे पुढे झाले आणि आडवे उभे राहिले. मृणालिनीताईंना म्हणाले, "बाई, पास आहे का? पासाशिवाय आत सोडता येत नाही." घरात मालवणी, पण फाटकावर असं शुद्ध बोलायचे. खाड्कन तोच आवाज! सगळे पोट धरून हसले. विद्याधर म्हणाला, "काका, झकास! काय ॲक्टिंग करता यार!" मृणालिनीताईंनी हसतहसत रुमाल दाखवला, तो ह्यांनी उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. "हा पास नव्हे."

मग हशा वाढला. माणसं लांबून बघायला थांबली. मी दंडाला धरून ओढत हॉटेलवर आणलं. काय काय बोलले, आता लिहवत नाही. एकतीस वर्षं तुमच्या पाण्याची राखण मीही केली, असं म्हटलं. माझ्या चार दिवसांची वाट लावलीत, असंही म्हटलं. हे खाटेवर बसून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "रागावलंस गे?"



१५ मे, गुरुवार

सकाळी वही उघडली तर ह्या पानावर ह्यांचं अक्षर —

"सकाळी ६. तुळशी. पातळी काल होती तीच. पाऊस नाही. फाटक बंद. द. ल. परब, मुकादम."

माझी वही आहे ही! सगळ्या संसारात एवढी एकच वस्तू माझी, तीत पण ह्यांचं तळं! एवढी तुळशीची हौस होती तर आलात कशाला इतक्या लांब? तोंडावर विचारलं. म्हणाले, "खंय इलंव आपण?" कुठे आलोय म्हणे! चेष्टा सुचतेय! मी तोंड फिरवून बसले.

पान फाडणार होते. मागच्या बाजूला माझंच लिहिलेलं आहे, म्हणून राहिलं.

उद्या शेवटचा दिवस. विद्याधरकडून दोघांच्या होडीची चिठ्ठी मागून घेतली आहे. आले तर ठीक, नाहीतर मी एकटी जाईन. जाईनच!

१६ मे, शुक्रवार

मी गेले. माझ्याआधीच पायऱ्यांवर हे आडवे उभे. बरोबर कुणी नव्हतं, हसायला कुणी नव्हतं.

माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "बाई, पास आहे का?"

मला. मालवणीत नाही.

होडीची चिठ्ठी पुढे केली. दोन्ही बाजूंनी वाचली. म्हणाले, "जा. पण पाण्याला हात लावू नका. पिण्याचं आहे."

होडीवाला हाका मारत होता. मी विचारलं, "तुमची ड्युटी कधी सुटते?"

"सहाला."

म्हटलं, थांबते. त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.