मी किती खोल होतो

मी, नानाजी तुकाराम बोडखे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा आधी नौदलाच्या पाणबुडीवर इंजिनाचे काम, नंतर मळ्यात मेथी-पालक, आता काहीच नाही, राहणार रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अशा कागदात पुढे 'कोणाच्याही दबावाखाली नसताना' असे लिहायची रीत आहे, ते मी लिहिणार नाही. घराला बाहेरून कुलूप आहे, किल्ली माझा मुलगा आदर्श याच्या खिशात आहे आणि आदर्श रिसोडला मोटारपंपाच्या दुकानात बसला आहे. मजकूर मात्र कोणी सांगितलेला नाही. तो माझाच आहे.

कलम पहिले : माझी माणसे. पत्नी मनकर्णाबाई वारली, तेव्हा आदर्श दहा वर्षांचा होता. तो एकुलता एक. त्याची बायको शुभांगी नर्सिंग शिकलेली आहे. शेजारच्या अर्ध्या घरात धाकटा भाऊ चंपत आणि त्याची बायको आवडाबाई राहतात. यांच्याशिवाय कोणी वारस म्हणून उभा राहिल्यास त्याला चहा पाजून परत पाठवावे.

कलम दुसरे : कुलूप. गेल्या दिवाळीत मी वॉकर घेऊन रस्त्यापर्यंत गेलो आणि पडलो. खुबा मोडला. तेव्हापासून आदर्श सकाळी जाताना दाराला कुलूप लावतो आणि संध्याकाळी येऊन काढतो. आत आम्ही दोघे, मी आणि शुभांगी. मी म्हणालो, अरे, तिला तरी बाहेर जाऊ दे. तर म्हणाला, "बाबा, तुमी पडले तं कोन पाहीन? मी दुकानात बसून राह्यतो, पन जीव इकडंच लागून राह्यते." डोळ्यात पाणी आणून म्हणाला. दुष्ट माणसाशी भांडता येते, या पोराशी कसे भांडावे ते मला अजून समजलेले नाही.

मेडशीच्या एका दवाखान्यात शुभांगीला नर्सची जागा मिळाली आहे. महिनाअखेर रुजू झाली नाही तर जागा जाईल. आदर्श म्हणतो, बाबांजवळ कोण राहील? म्हणजे या घराचे खरे कुलूप मीच. शुभांगी मला म्हणते, "मामाजी, तुमी मनाले लावून घेऊ नका. मले सवय झाली." सवय झाली हे शब्द मी पाणबुडीत पुष्कळ ऐकले आहेत. तिथे ते ठीक होते, तिथे आम्ही सही करून गेलो होतो आणि बोट एक दिवस बंदराला लागत होती.

कलम तिसरे : चंपतविषयी जुना हिशोब. मी रजेवर आलो की गाव एकच विचारी, पाणबुडी किती खोल जाते? मी सांगत नसे. आमच्या बोटीचा आकडा गुपित, तशी शपथ आहे, ती सरणावरही मोडणार नाही. मग चंपत पारावर बसून म्हणे, "दादाची बोट काय खोल जाईन? माहा बोर साडेसहाशे फूट हाये!" लोक हसत. आमच्याकडे खोलीची गोष्ट निघाली की माणसाला बोरच आठवतो. चंपत, तुझा बोर कोरडा निघाला, हे मी त्या वेळी चारचौघांत बोललो नाही, ते आता कायदेशीर कागदावर नोंदवून ठेवतो.

जे जगभर छापून आले आहे ते सांगायला हरकत नाही. डिझेलवर चालणाऱ्या लढाऊ पाणबुड्या साधारण दोनशे ते तीनशे मीटर जातात. अणुशक्तीच्या बोटी त्याहून खोल, चारशे-पाचशेपर्यंत असे म्हणतात, खरे त्या देशांनाच ठाऊक. रशियाची टायटॅनियमची एक बोट हजार मीटरच्या खाली जाऊन आली होती. समुद्र सरासरी साडेतीन किलोमीटरच्या वर खोल आहे, तेव्हा एवढ्या बढाया मारून आम्ही वरच्या सायीतच फिरतो. दर दहा मीटरला डोक्यावरच्या हवेएवढा आणखी एक भार अंगावर येतो. बोटीच्या खोल जायच्या तीन पातळ्या असतात: एक रोज जायची, एक चाचणीपुरती जायची, आणि तिसरी जिथे पोलाद चिरडते. तिसरी कोणी पाहून आला आणि सांगत बसला असे होत नाही.

कलम चौथे : दोरा. नवीन माणूस पहिल्यांदा खोल जाई तेव्हा आम्ही बोटीत एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत दोरा ताठ बांधायचो. बोट खाली जाऊ लागली की दोरा हळूहळू लोंबू लागे. म्हणजे पोलादाच्या भिंती तेवढ्या जवळ आल्या. पोरगा दोऱ्यावरून नजर काढत नसे. वर आलो की दोरा पुन्हा ताठ. माझ्या मधल्या खोलीत तसा दोरा बांधलेला आहे. तिला खिडकी नव्हतीच, चंपतने लागून भिंत उचलल्यावर फटही राहिली नाही. आपली काळी माती पावसात फुगते, घर हलते, यंदा दोरा चांगलाच लोंबला आहे. दिवसभर मी त्याच्याकडे बघत पडून असतो.  खोल समुद्रात कधी भीती वाटली नाही एवढी या खोलीत दुपारी वाटते. माझ्यामागे दोरा कापून टाकावा आणि त्या खोलीत कोणालाही झोपवू नये. कांदे ठेवावेत.

कलम पाचवे : वाटणी. राहते घर आदर्श व शुभांगी यांच्या नावे निम्मे-निम्मे. मळा विहिरीसह आदर्शला. बँकेत जे असेल ते शुभांगीचे. पान्यांचा संच आदर्शचा, तो आधीच त्याने दुकानात नेला आहे आणि विचारलेही नाही. पाणबुडीवाल्यांचा बिल्ला शुभांगीने ठेवावा. आत राहून दाखवल्याबद्दल तो मिळतो, आणि या घरात तिने तो माझ्याइतकाच कमावला आहे. मनकर्णाबाईचे लुगडे माझ्यासोबत जाळावे. मी रजेवर आलो की ती माझे कपडे गोठ्यामागे वाळत घाली. म्हणे, "या डिझेलच्या वासानं म्हैसबी पान्हा चोरते." तसे घर मला पुन्हा मिळाले नाही.

कलम सहावे : माझी व्यवस्था. मी जिवंत असेपर्यंत दोन वेळची भाकरी आवडाबाई देईल, तिने कबूल केले आहे. धम्मरत्न दर आठवड्याला मेडशीहून एसटीने येईल. हा माझ्याच बोटीवर रेडिओला होता. अख्ख्या बोटीत वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघेच. बिछाने कमी, म्हणून पाळीपाळीने एकाच बिछान्यात झोपलेलो. मी पडलो तर पडलो. पडलेल्या माणसाला उचलता येते, त्यासाठी दोन माणसे कोंडून ठेवायची गरज नाही.

कलम सातवे, आणि हेच खरे मृत्युपत्र. आदर्श, हे तुला.

तुझी आई गेली तेव्हा मी समुद्रात होतो. तेरवी होऊन गेल्यावर बोट बंदराला लागली आणि मला समजले. दहा वर्षांच्या तुला मडके धरावे लागले. लोकांनी तुझी समजूत घातली, "तुहा बाप लै खोल हाये, पान्याखाली. तिथं कोनाचाच आवाज जात नाही." तू दहा वर्षांचा, तुला पाण्याखाली म्हणजे एकच जागा माहीत. तू मळ्यातल्या विहिरीवर गेलास, ओणवा झालास आणि मला हाका मारल्यास. तेरवीपर्यंत रोज. चंपत तुला कमरेला धरून ओढून आणी. हे मला चंपतनेच सांगितले, तू कधी बोलला नाहीस. तू मला एकदाच विचारलेस, "बाबा, तवा तुमी किती खोल होते?" मी म्हणालो, ते सांगता येत नाही. मला वाटले, पोरगा बोटीचा आकडा विचारतो आहे.

तेव्हापासून तू माणसे नजरेआड होऊ देत नाहीस. बाहेर गेलेला माणूस हाकेच्या पलीकडे जातो, असे तुझ्या मनाने घेतले आहे. मी ते ओळखून होतो, पण सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. गेल्या महिन्यात धम्मरत्न भेटायला आला. दाराला कुलूप, म्हणून पुढच्या खोलीच्या खिडकीबाहेर ओट्यावर बसला. घराच्या गप्पा निघाल्या, मी तुझी विहिरीची गोष्ट सांगितली. त्याने खिडकीचा गज धरला. मग म्हणाला, "नाना, वहिनी गेल्याचा मेसेज बोटीवर आला होता, तो म्याच घेतला होता. कप्तानसायबाले देला. सायेब म्हने, बंदर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

मी म्हणालो, "काहून रे?"

"बोट काही वापस फिरत नव्हती. तुले सांगून तू आतल्या आत काय करता?"

तशी रीतच आहे. घरची वाईट बातमी बोटीत माणसाला देत नाहीत. कप्तान चुकला असे मी म्हणत नाही. त्या फेरीत धम्मरत्न माझ्या वाटचा चहाही मला आणून देई, मला वाटे गावाकडचा माणूस, मायेने देतो. त्याच्यावर माझा राग नाही. थोडा आहे, तो या कलमासोबत संपला असे समजावे.

पाणबुडीतून सुटायची एक कोठडी असते. तिचे वरचे झाकण आतून कितीही ढकलले तरी उघडत नाही, बाहेरचे पाणी त्याला दाबून धरते. आधी कोठडीत पाणी घ्यावे लागते, गळ्यापर्यंत. मगच झाकण उघडते. म्हणून हे तुला सांगतो आहे. त्रास होईल.

संदेश घ्यायचा तर बोटीला वर यावे लागते, पेरिस्कोप आणि रेडिओची नळी पाण्याबाहेर निघेल इतके वर. ही खोली गुपित नाही, कोणत्याही पुस्तकात आहे. सोळा-सतरा मीटर. आपली विहीर पंचावन्न फूट आहे, हिशोब तू करू शकतोस. तू विहिरीत वाकून हाका मारत होतास तेव्हा मी तुझ्या विहिरीपेक्षा खोल नव्हतो, आदर्श. आणि तुझी हाक पोचली होती, कागदावर उतरली होती, माझ्यापासून चार पावलांवर कप्तानाच्या खिशात होती. मला आवाज येत नव्हता हे खोटे आहे. मला कोणी दार उघडले नाही, एवढेच.

शुभांगीला जाऊ दे. ती हाक ऐकेल.

हा कागद माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. आज संध्याकाळी आदर्श कुलूप काढायला येईल, तेव्हा धम्मरत्न तो त्याच्या हातात देईल. तोवर तो ओट्यावर बसून राहणार आहे.

हे मी लिहिले, वाचले, आणि साक्षीदारांच्या समक्ष सही केली. त्यांना आत येता आले नाही. त्यांनी मला खिडकीच्या गजांतून सही करताना पाहिले, आणि कागद गजांतूनच बाहेर घेऊन आपापल्या सह्या केल्या.

सही : नानाजी तुकाराम बोडखे
ठिकाण : रिठद, खिडकीच्या आत
दिनांक : ११ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार (खिडकीच्या बाहेर) :

१) धम्मरत्न सोनाजी वानखडे, मेडशी. कलम सात खरे आहे. संदेश मीच घेतला होता.

२) चंपत तुकाराम बोडखे, रिठद. कलम तीनला हरकत : बोरले पानी लागलं होतं, दोन दिवस. बाकी सगळं खरं. पोराले विहिरीवरून म्याच ओढत आनलं होतं.