वाशीतलं समुद्रफूल

३ फेब्रु. ८५, रवि.
हॉलमधलं शोकेस हलवून तिथे काचेची टाकी आली. सुहासचा, म्हणजे नवऱ्याचा, नवा छंद. उरणच्या किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं, तिसऱ्या मजल्यावर चढवलं. इथल्या खाडीचं चालत नाही म्हणे, कारखाने. शेजारीण दारात उभी: "गोडं पाणी दिवसाआड येतं आणि तुमी खारं भरताय?" माझ्या वडिलांनी, अप्पांनी, टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आई गेल्यावर त्यांना हर्णैहून इथे आणलं, तेव्हापासून एकच विषय. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं. जेवण चिमणीएवढं.

२४ फेब्रु., रवि.
पाणी निवळलं. सुहासने क्रॉफर्ड मार्केटमधून दोन नारिंगी पट्ट्यांचे मासे आणि एक समुद्रफूल आणलं. नावाला फूल, आहे प्राणीच; दगडाला चिकटून झिपऱ्या सोडून बसलंय. मासे त्याच्यातच झोपतात! अप्पा खुर्ची ओढून तासभर समोर. मग म्हणाले, "अगो, हे आपल्याकडे खडकात असतं. तुझी आई बोट लावायची, की मिटायचं." आईचं नाव पहिल्यांदा काढलं. आत जाऊन रडून घेतलं.

९ मार्च
अप्पा दोन्ही वेळा नीट जेवतात. परत जायचं नाव नाही. सुहासला म्हटलं, तुझी टाकी मला आवडते. तो: "टाकीच?" बरं चाललंय. दृष्ट न लागो.

१६ मार्च
फूल आक्रसलंय. काल लाइट गेले, पंप बंद पडला, त्यामुळे असेल.

१९ मार्च
मेलं. घाण वास. मासे ठणठणीत. सुहासने बाटलीभर पाणी रबाळ्याला, त्याच्या कंपनीच्या लॅबमध्ये नेलंय.

२० मार्च
पाण्यात तांबं निघालं. मासे तग धरतात, फुलासारखे जीव नाही धरत. सुहास कारखान्यांच्या नावाने बोटं मोडतोय.

२१ मार्च
आज ऑफिसला उशिरा निघाले म्हणून दिसलं. अप्पांनी पूजा आटोपली आणि देवांच्या आंघोळीचं पाणी टाकीत ओतलं. चिंचेने घासलेल्या तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी. "मोरीत कसं ओतू गो? घरी तुळशीला घालायचो. इथं तुळस नाही. म्हटलं, समुद्र आहे तर समुद्राला." केवढ्या आनंदाने सांगत होते! दोघं नोकरीवर, पाणी कोण घालणार म्हणून तुळस मी कधी लावलीच नव्हती.

२३ मार्च
अप्पांना सांगितलं, भांड्याचं तांबं त्या पाण्यातून टाकीत उतरलं, त्याने फूल मेलं. सुहास उद्या दुसरं फूल आणणार, तेही गेलं असतं. आणि सुहासने सांगितलं असतं तर त्याच्या पद्धतीने, तोफेच्या तोंडी देऊन. जमेल तितकं गोडीत बोलले.
"म्हणजे मी मारलं."
"अप्पा, तुम्हाला काय माहीत..."
स्वतःचा राग आला, सुहासचा आला, त्या मेल्या टाकीचा आला.

२५ मार्च
टाकीचं पाणी बदललं, नवीन फूल काल आलं. छान उमललंय. अप्पांची खुर्ची खिडकीकडे, टाकीकडे पाठ. हर्णैची एस.टी. किती वाजता सुटते, विचारत होते. आज पूजा नाही. देव पारोसे.
म्हटलं, "संध्याकाळी तुळशीची कुंडी आणते."
"नको गो. माझ्या हातचं पाणी आता कुणाला नको."
तरी येताना घेऊन आले. गॅलरीत ठेवली आहे. माती कोरडी आहे. मी पाणी घातलेलं नाही.