न कापलेली पानं

अप्पा, तुमची पणती, माझी नात, पुण्यात चित्रं हलवायचं काम करते. तुम्हाला एवढं सांगितलं तरी पुरे, बाकीच्यांना मला फार समजावून सांगावं लागतं. तुम्ही दोन रंगवलेल्या काचांवर जे करायचा तेच ती कॉम्प्युटरवर करते, फक्त चित्रातला एक हात वर जायला तुम्हाला दोन काचा लागायच्या आणि तिला ढीगभर चित्रं लागतात. आता तिला आणि तिच्या सोबत्यांना एक मोठा सिनेमा करायचा आहे, सगळा काढलेल्या चित्रांचा, आणि त्यासाठी तिनं आपलं ते चार भागांचं पुस्तक निवडलं आहे. सावल्या चोरणाऱ्या मांत्रिकाचं. ती इंग्रजी शाळेत शिकलेली, जुन्या वळणाची मराठी तिला भराभर वाचता येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा धाराशिवला येते, दोन दिवस राहते, मी वाचते आणि ती समोर बसून चित्रं काढते. ऐंशी ओलांडल्यावर मी पुन्हा त्याच कामाला लागले आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

नळदुर्गातल्या आपल्या स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा मला आठवतो. उजेड तिथून यायचा, आणि काच पुसायला लागणारी राख चुलीत असायची, म्हणून तुम्ही रंगांचं सगळं सामान तिथंच मांडलं होतं. माझी आई, अव्वा, होती तोवर कुरकुर करायची, की भाकरीला रंगाचा वास येतो. अव्वाला माती देऊन दोन वर्षं झाली होती, आणि आता भाकरी मी करत होते, म्हणजे कुरकुर करणारं कुणी नव्हतं. मी चौदा वर्षांची असेन. मला शाळेत घातलं नव्हतं. आपल्याकडं तेव्हा राजभाषा उर्दू, म्हणून तुमची शाळा उर्दूतली, घरात आपण कानडी बोलायचो आणि बाहेर मराठी. मराठी अक्षर तुम्हाला येत नव्हतं. मला आलं ते काचांमुळं. सोलापुराहून काचा यायच्या त्या जुन्या मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळून. त्यांतल्या जाहिरातींत चहाच्या चित्राखाली चहा लिहिलेलं असायचं आणि साबणाच्या चित्राखाली साबण. तेवढ्यावरून मी बाकीचं जुळवत गेले. मला वाचता येतं हे तुम्हाला कळलं, आणि तुम्ही ते कागद टाकून देणं बंद केलं.

काचेवरचं चित्र दिव्याच्या उजेडानं पडद्यावर पाडणारा तुमचा जादूचा कंदील घेऊन तुम्ही जत्रांना जायचा. पण तोवर सोलापुरात बोलपट सुरू झाले होते, आणि लोक तुम्हाला टोमणे मारायला लागले होते. 'अप्पा, तुमचा मारुती किती वर्षं झाली तिथंच उडतोय,' असं भुमच्या बाजारात एक जण म्हणाला आणि ते तुमच्या मनाला लागलं. म्हणून तुम्ही नवी गोष्ट शोधत होता. सोलापुरात एका दुकानात तुम्हाला ते पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर एक मांत्रिक माणसाची सावली चटईसारखी गुंडाळून काखेत मारतोय. तुम्ही ते चित्र बघून तीन भाग घेऊन आलात. चौथा मागून आला.

त्या पुस्तकांची पानं कापलेली नसायची. छापखान्यातून घड्या शिवून यायच्या, आणि वाचणाऱ्यानं कडा कापून पानं मोकळी करायची. हे काम तुमचं होतं. रंग कालवायची पातळ पात्याची सुरी तुम्ही धोतराला पुसायचा, दुपारच्या वाचनापुरती पानं कापायचा आणि पुस्तक माझ्या हातात द्यायचा. एक दिवस चुकला नाहीत. मग मी वाचायचे, तुम्ही डोळे मिटून ऐकायचा, आणि प्रत्येक प्रकरण संपलं की एकच प्रश्न विचारायचा: "ह्यात हलतंय काय?" साठ काचा होत्या आणि पानं बाराशेच्या वर. राजसभेतलं तीस पानांचं भांडण तुम्ही एका शब्दात काढून टाकलं. उलट, डोंगराएवढ्या कासवानं मान बाहेर काढली हे पुस्तकात एका ओळीत आहे, त्याला तुम्ही अख्खी चौकट दिली. एक काच पक्की, दुसरी तिच्यावर सरकणारी. वरची ओढली की मान बाहेर. मला त्या वेळी वाटायचं तुम्ही पुस्तकाचे लचके तोडताय. आता पणतीही तेच करते. परवा तिनं एक अख्खं युद्ध गाळलं आणि एका म्हातारीच्या जांभईवर दोन तास बसली. मला सवय आहे.

पहिल्या भागात राजपुत्र सावल्या परत आणायला निघतो आणि त्याची राणी बिनसावल्यांच्या नगरीत मागं राहते. तिची काच तुम्ही रंगवली तेव्हा मी भाकरी थापत होते. वळून बघितलं तर राणीनं पदर दोन बोटांत धरला होता, अव्वा धरायची तसा, तर्जनी मोकळी ठेवून. नाकातली मोरणीही तीच. तुम्ही ते मुद्दाम केलं की हात आपोआप गेला, मी विचारलं नाही. तुम्ही ती काच वाळायला ठेवली आणि त्या दिवशी दुसरी घेतली नाही.

दुसऱ्या भागाच्या मध्यावर एका पानाच्या तळाशी ओळ होती, की त्याच पहाटे, दिवा विझण्यापूर्वी, राणीनं देह ठेवला. बस्स, एवढंच. पुढच्या पानावर राजपुत्र मिठाच्या वाळवंटात चालतोय. मला ती ओळ आधी दिसली, कारण मी वाचताना डोळे एक ओळ पुढं ठेवायचे. मी पान उलटलं आणि वाळवंट वाचायला लागले. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "आन् राणी कुठाय?" मी म्हणाले, दारात उभी आहे, दिवा घेऊन. तुम्ही विचारलंत, "दिवा खाली धरलाय का वर?" मी म्हणाले, आधी खाली, मग वर. तुम्ही डोळे उघडले. "मंजी हलतंय," असं म्हणून काच घेतलीत.

तिथून माझी पंचाईत सुरू झाली. काच एकदा रंगली की बदलता येत नाही, नव्या काचा सोलापुराहून यायला महिना लागायचा, आणि ही गोष्ट दाखवायची ती सोनारीची जत्रा चैत्रात. खरं सांगावं तर तुमची काच वाया जाणार आणि राणी तुमच्या देखत मरणार. न सांगावं तर तुम्ही जत्रेत हजार लोकांपुढं खोटी गोष्ट सांगणार, आणि कुणी वाचलेला माणूस भेटला तर तुमचं नाव जाणार. मी सांगितलं नाही. तुम्ही रोज विचारायचा राणीनं आज काय केलं, आणि पुस्तकात ती नसल्यामुळं मला ते जागच्या जागी जुळवावं लागायचं. एकदा मी सांगितलं, राणीनं हुकूम काढला की नगरीतली सगळी कामं भर दुपारी बारा वाजता करायची, तेव्हा कुणाचीच सावली दिसत नाही, मग कुणाची चोरीला गेली ते कळत नाही आणि कुणी कुणाला हसत नाही. तुम्ही मान डोलावलीत. मग म्हणालात, "ही राणी शहाणी हाय. लिवणाऱ्यापेक्षा." मी घाईनं पान उलटलं.

चौथ्या भागाच्या शेवटच्या घडीला तर मी पुस्तकातलं काहीच वाचलं नाही. राजपुत्र घरी परत येतो आणि दारात कोण आहे, हे मला बघायचंच नव्हतं. पुस्तक तोंडापुढं धरून मी सांगत गेले, की मांत्रिकाच्या काखेतल्या गुंडाळ्या नगरीच्या दारात उलगडल्या, राणीनं दिवा वर धरला, आणि ज्याची सावली त्याच्या पायाशी जाऊन बसली. तुम्ही म्हणालात नवी काच नको, दिव्याचीच चौकट पुन्हा घालू.

परंड्याच्या कचेरीत परवानगीसाठी तुम्ही सगळी गोष्ट उर्दूत लिहून नेलीत. तिथल्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, वाचून विचारलं, सावली चोरली तर कलम कुठलं लावायचं, आणि हसून शिक्का मारला. सोनारीला देवळापासून जरा लांब, अंधार पडता पडता, आपण सुरकुत्या जाव्यात म्हणून पडदा ओला करून ताणला. तुम्ही कंदिलाशी, मी खाली बसून, कंदील चित्र उलटं पाडतो म्हणून काचा उलट्या करून, क्रमानं देत होते. कासवानं मान काढली तेव्हा पुढच्या बायका मागं सरकल्या. मग दिव्याची चौकट आली. तुम्ही वरची काच हळूच ओढली आणि राणीचा हात वर गेला. सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत एक गृहस्थ उभे राहिले. बार्शीकडचे मास्तर होते, देवाला आलेले. म्हणाले, "अहो, ही बाई दुसऱ्या भागातच वारली की. मी पुस्तक वाचलंय."

माझ्या हातात पुढची काच होती आणि ती मी तुम्हाला दिली नाही. लोक तुमच्याकडं वळले. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तुम्ही काच मागं सारली, राणीचा हात खाली आला, पुन्हा ओढली, हात वर गेला. मग म्हणालात, "मास्तर, आमच्या राणीला लई कामं हायती. मरायला सवड न्हाई." लोक हसले. पुढची एक बाई न वळताच म्हणाली, "बसा वो मास्तर, डोकं पडद्यात येतंय तुमचं." मास्तर बसले, आणि शेवटपर्यंत बसले. मी पुढची काच दिली.

परतीच्या वाटेवर बैलगाडी भुमच्या पुढं गेली. तुम्ही रागवायची मी वाट बघत होते. मग बैलांकडं बघत म्हणालात, "पोरी, जोडलेली पानं वाचायची असली तर सुरी तरी मागत जा." मला आधी कळलं नाही. मग कळलं. शेवटची घडी तुम्ही कापलीच नव्हती. रोज न चुकता कापणाऱ्या माणसानं त्या दिवशी तशीच दिली, आणि मी ती पाऊण तास घडाघडा वाचली. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण डोळे चित्रकाराचे होते. दुसऱ्या भागापासूनच कळलं होतं का, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. घरी आल्यावर तुम्ही ती सुरी मला देऊन टाकली.

पुढं लुटालुटीचं, जाळपोळीचं ते गडबडीचं साल आलं आणि आपण सरहद्द ओलांडून एका दिवसात सोलापूर गाठलं. गाडी पळवताना काचा टिकल्या नसत्या म्हणून तुम्ही पुस्तकं घेतलीत आणि पेटी मागं ठेवलीत. पेटी नंतर मिळाली नाही. तुम्ही त्यानंतर फार दिवस राहिला नाहीत. माझं लग्न झालं, संसार झाला. पणतीचे आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. मला वाचता येतं हे माहीत असूनही ते मला रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, अडखळत, आणि माझा चहा त्यात गार व्हायचा. आता मी ते मनातल्या मनात वाचते. दहा मिनिटांत संपतं.

गेल्या खेपेला पणतीला वाचून दाखवताना दुसऱ्या भागाचा मध्य आला. पानाच्या तळाशी ती ओळ तिथंच आहे. अप्पा, मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की ती ओळ मी तुमच्यासाठी गाळली, तुम्हाला ती ऐकवायला नको म्हणून. परवा समोर तुम्ही नव्हता. ती पोर होती, तिनं अजून आईला माती दिलेली नाही, तिला त्या ओळीचं काही वाटलं नसतं. मी पान उलटलं आणि वाळवंट वाचायला लागले. तिनं वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "आजी, मग राणीचं काय?" मी म्हणाले, दारात उभी आहे.

तिनं दिव्याचा हात काढला आहे. तर्जनी मात्र तिनं मिटलेली काढली होती, ती मी मोकळी करायला लावली. कशासाठी ते सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही चौथ्या भागाला लागू. शेवटची घडी अजून तशीच जोडलेली आहे. तुमची सुरी मी काढून ठेवली होती, ती पुन्हा डब्यात ठेवली. जोडलेल्या पानांचा वरून एक खिसा तयार होतो, हे पत्र मी त्यात सरकवून ठेवते आहे. पुस्तक कसं संपतं ते मला अजून माहीत नाही. पणतीला मात्र मी सांगून बसले आहे, की मला ते तोंडपाठ आहे.