थांबून थांबून ओतलेलं चाक

चाचा, तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठा झालोय. सातवीनंतर माझी पाटी सुटली ती सुटलीच, म्हणून बोलतो तसंच लिहितोय.

माझी धाकटी मुलगी तुर्भ्याला गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके बनवते. न्हावा शेव्याच्या बंदरात माल पाठवणारे लोक ते नेतात. पुठ्ठ्याला घडी पाडणारं तिचं एकच मशीन आहे, जुनं, परदेशातून आलेलं. त्याच्या आतलं तळहाताएवढं दातेरी चाक फुटलं. बनवणारी कंपनी बंद पडलेली, आणि इथला गिअर कापणारा म्हणाला, एकच नग असेल तर महिना लागेल. एवढं कोण थांबतं? मुलगी मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "नाय जमलं तर गाळा सोडते बाबा. कुठेतरी नोकरी बघते." मी जेवता जेवता ताट बाजूला सारलं. मी तसाही लगेच घाबरतो, तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी ती दोन डबे घेऊन आली, एकात रेझिन, दुसऱ्यात ते घट्ट करणारं औषध. म्हणाली, "आयुष्यभर ओतकाम केलंत ना तुमी? मग हे ओता."

"अगं, ते लोखंड होतं."

"मग हे तर सोपं. भट्टी पण नको."

फुटलेलं चाक मी मेणाने सांधलं, त्याच्याभोवती रबर ओतून साचा केला. इथपर्यंत हात आपोआप चालत होते. मग रेझिनमध्ये औषध आणि धातूची पूड ढवळली आणि सगळं एका धारेत ओतलं. तुमचंच शिक्षण. ठाणे-बेलापूर रोडवरच्या आपल्या फाउंड्रीत मी पहिल्यांदा वितळलेल्या लोखंडाची पळी धरली आणि भीतीने मध्येच थांबलो. धार तुटली, लोखंड तेवढ्यात निवलं, नगावर सांधा राहिला. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "काय रे, चाय गाळतोस काय?" मला जमिनीत जावंसं वाटलं. त्याच दिवशी तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. चाची स्वयंपाकघरात वाफेवरची सांदणं काढतायत, तुम्ही माझ्या ताटात नारळाचं दूध स्वतः वाढताय, आणि त्या नगाबद्दल एक शब्द नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत माझी धार तुटली नाही.

म्हणून इथेही तोडली नाही. थोड्या वेळाने साचा तापायला लागला, धूर निघाला, आणि ओतलेलं चाक मधोमध तडकलं. मुलगी खोकत दार उघडायला धावली. मग डब्यावरचं इंग्रजी वाचून म्हणाली, "एकदम जाड ओतायचं नाय, बाबा. थराथराने ओता. हे आतून तापतं." लोखंड गरम ओतायचं, ते साच्यात निवतं. हे थंड ओतायचं, तर साच्यात तापतं. सगळंच उलटं. आता माझ्यामुळे गाळा जाणार, असं धरूनच मी बसलो होतो.

पण ती म्हणाली, अजून अर्धा डबा आहे. या वेळी मी बोटभर ओतलं आणि थांबलो. कडेला बोट लावून पाहिलं. चिकट लागलं, पण बोटाला आलं नाही, तेव्हा पुढचा थर. परत थांबलो. हवं तेवढं भ्यालो, आणि कोणी रागावलं नाही. तुम्ही असतात तर चहावरून बोललाच असतात. मी एकटाच हसलो.

चाक निघालं. दात कानशीने साफ केले, चाक बसवलं. मुलीने बटण दाबलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा. "आता बघा तरी इकडे," ती म्हणाली. पुठ्ठा सरकत होता, घड्या सरळ पडत होत्या. आता मशीन रोज चालतं. दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यांचं नवं कामसुद्धा तिने घेतलंय, मला न विचारता, ते बरंच केलं.

हे पत्र तुमच्या उरणच्या घरी टाकलं तर तुमच्या सुनेला वाटेल म्हातारा भ्रमला. नाही टाकत. फक्त तुम्हाला सांगतो, तसंच दुसरं चाक मी कालपासून ओततोय. मुलीला अजून बोललेलो नाही. विचारलं तर सांगेन, पहिलं फुटलं तर असावं म्हणून. तेही खोटं नाही. पण खरं म्हणजे मला परत ओतायचं होतं.