कच्ची कमान

१० नोव्हें. २००४, यवत
पुण्याहून आणलेली पेन-पाटी अखेर चालू झाली. काळ्या पाटीवर पेन फिरवायचं, रेघ कॉम्प्युटरवर उमटते. मांडवगणच्या पुढच्या वस्तीची कमान तासाभरात काढली. नुसतं सुचलं तसं: दोन खांब, वर मोर, खाली गंमत म्हणून एक माणूस उभा. रेघा कसल्या गुळगुळीत! प्रिंट वस्तीच्या आप्पांकडं धाडली, काय बदलायचं ते सांगा म्हणून. माझी पहिली कमान. अब्बांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, कमान त्यांनाही मिळाली नाही.

१४ नोव्हें.
आप्पांचा निरोप: "लई झाक हाय." एकसुद्धा खोट काढली नाही. अब्बा म्हणाले, असं कसं? त्यांच्या कोळशाच्या चित्रावर गिऱ्हाईक स्वतः अंगठा फिरवतं, पुसतं, हे खाली घ्या ते वर घ्या, अर्धा दिवस वाद. मग कुठं चित्राला सुरुवात. माझ्या प्रिंटला कुणी बोट लावलं नाही. आणि मी खूश. गाढव.

२२ नोव्हें.
वस्तीवर गेले. प्रिंट काचेत मढवून आप्पांच्या ओट्यावर, आणि खांबांचे खड्डे खणून तयार. मिस्त्रीनं प्रिंटला पट्टी लावली. खालचा माणूस आप्पांएवढा धरला, त्यावरून सगळी मापं! मी तर खांबांमधली जागा अंदाजे सोडलेली. याच रस्त्यानं जाणाऱ्या भरलेल्या ट्रॉलीचा ऊस दोन्हीकडून बाहेर येतो. अडकणार.
सांगणार होते. आप्पा म्हणाले, "पोरी, च्या घे." घेतला आणि परत आले. भित्री कुठली.

२३ नोव्हें.
अब्बांना सांगितलं. "चुकलं म्हणायचं. काम गेलं तर जाऊ दे." त्यांचं बरंय. मला हे काम हवंय. फार हवंय.

२४ नोव्हें.
नवं चित्र पेन्सिलीनं काढून नेलं, खाडाखोडीसकट. म्हटलं आता तरी बोलतील. आप्पांचं तोंड उतरलं. "आमाला पेन्शिलीचं व्हय?"
"आप्पा, पहिलं कच्चं होतं. चूक माझी."
"कच्चं? काचंत हाय की त्ये."
उद्या ट्रॉली आणा म्हटलं.

२५ नोव्हें.
खड्ड्यांत बांबू रोवले. भरलेली ट्रॉली आली. डावा बांबू मोडला, उजवा आडवा झाला. कुणी हसलं नाही. मी पेन्सिल पुढं केली, "आप्पा, तुम्हीच रेघ मारा, कुठं पाहिजे खांब." त्यांनी हात मागं घेतला. काचेतल्या मोराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ट्रॉल्या जरा कमी भरू. पर चित्राला हात नगं लावू, पोरी."
सगळ्यांनी माना हलवल्या. मला रडू फुटायचं बाकी होतं.
परवा काँक्रीट. निघताना मिस्त्री गाडीपाशी आला, "ताई, टाकू न्हवं?"
अजून उत्तर दिलेलं नाही.