चौथा रकाना

प्रिय धाकटे,

माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवशील, म्हणून आधीच सांगते: कोणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं मी ऐकत नाही.

दवाखान्यातली नोकरी संपली तरी मला घरी बसवत नाही. उन्हाळ्यात आपल्या भागातल्या वयस्कर माणसांची यादी माझ्याकडे असते. पारा चढणार असं कळलं की आम्ही चौघीजणी बारा ते चार घरोघर जातो. नुसती हाक मारून चालत नाही. माणूस डोळ्यांनी बघायचा, पाण्याचा पेला आपल्यासमोर रिकामा करायला लावायचा, खोली फारच तापली असेल तर त्याला शाळेच्या हॉलमध्ये आणून पंख्याखाली बसवायचं. मागून सगळे मला हेडमास्तरीण म्हणतात. हे नाव तू ठेवलेलंस, ते यांच्यापर्यंत कसं पोचलं कोण जाणे.

नावं शेकडो आणि पाय आठ. म्हणून मी वहीत चौथा रकाना आखला: घरात कोणी आहे का? ज्यांच्यापुढे 'आहे', त्यांच्याकडे जायचं नाही. त्यांची माणसं बघतील. नियम मला सुटसुटीत वाटला होता.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांच्या घरात मुलगा आहे, सून आहे. मीच त्यांच्या नावावर काट मारली. गेल्या मंगळवारी आमच्यातली एक शेजारच्या आजींना पाणी द्यायला गेली, तिला कापड जळल्याचा वास आला. पत्र्याखालच्या त्या खोलीत म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, आणि कपडे उद्या मिळतील, असं कोणालातरी बजावत होता. इस्त्री सदऱ्यावर तशीच. आम्ही ओल्या चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेलं. वाचला. सून संध्याकाळी आली तेव्हा मी तिला फैलावर घेतलं, घरात माणसं असून ही पाळी का, म्हणून. ती कामाचे कपडेसुद्धा न बदलता आली होती. शांतपणे म्हणाली, "बाई, दुपारी आम्ही घरी असतो कुठे?"

मी वही मिटून पिशवीत टाकली. तुला हे वाचून गंमत वाटेल.

दुसऱ्या दिवशी चौथा रकाना खोडून नवा प्रश्न लिहिला: दुपारी बारा ते चार घरात कोण असतं? आणि काट मारलेली सगळी नावं पुन्हा तपासायला बसले. सातव्या पानावर एक बाई निघाली. वय अडुसष्ट, वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली, रक्तदाबाच्या गोळ्या, एकटी. पुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'बहीण आहे.'

मी दोन गल्ल्या अलीकडे राहते आणि सहा वर्षं तुझा जिना चढलेले नाही. आई गेली त्या दिवशी तू उशिरा आलीस, असं मी चारचौघांत म्हणाले होते. तुझी गाडी चुकली होती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सोमवारपासून पारा चढणार आहे. तुझ्याकडे दुसरी कोणी पाठवत नाही. रोज बारा वाजता मी दार वाजवीन. पाणी प्यायचं की नाही यावर वाद घालू नकोस. बाकी कशावरही घाल. आणि मला उशीर झाला, तर चारचौघांत सांग.

तुझीच, दोन गल्ल्या अलीकडची
थोरली