शून्य दाखवणारा मीटर

प्रिय दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस, त्याला आज शनिवारी सव्वीस दिवस झाले. म्हणून हे पत्र सुट्या भागांच्या गाडीवरच्या ड्रायव्हरकाकांकडे देतोय. तुझ्याच हातात द्या, असं दोनदा बजावलं, तर म्हणाले, "प्रेमपत्र आहे की काय रे?" रागात वाचलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

वर्गातला पहिला दिवस आठवतो? सर म्हणाले होते, "डिझेलची गाडी बिघडली की खडखडते, धूर काढते, तुम्हाला मागे सरायला वेळ देते. ही विजेची बस तसं करत नाही. सहाशे व्होल्ट पोटात ठेवून गप्प उभी राहते." तू मागच्या बाकावर हसला होतास. वीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाला हे नवीन होतं. परीक्षेत प्लग काढून, कुलूप लावून, आत साठलेली वीज उतरायला दहा मिनिटं थांबायचं होतं. तू सहाव्या मिनिटाला झाकण उघडलंस आणि मी सरांना सांगितलं. तुला मिसरूड फुटलेल्या पोरांबरोबर आणखी दोन आठवडे बसावं लागलं. फाटकापाशी तू म्हणालास, "बाबा गेल्यावर तुला वाढवलं, ते माझ्यावर पहारा करायला?" मला फक्त तुझा उघडा हात दिसला होता. पुन्हा दिसला तर पुन्हा सांगेन.

आता इथलं. आमच्या शिकायच्या बसची मोठी बॅटरी कधीच काढून नेली आहे, त्यामुळे आत वीज उरली आहे का ते बघणारा कुठलाही मीटर लावा, शून्यच येतं. काही जण तर आधी रकान्यात शून्य लिहितात आणि मग मीटर हातात घेतात. मी तसं कधी केलं नाही. मीटर आधी चांगल्या बॅटरीवर लावून आकडा बघायचा, मग बसला लावायचा, मग परत त्या बॅटरीवर. कारण तुटलेला मीटरही शून्यच दाखवतो.

मंगळवारी तुमच्या डेपोसाठी पाच मीटर तपासून चिठ्ठी करायची होती. गाडी हॉर्न वाजवत होती. सर ओरडले, "अहो कारकूनसाहेब, आटपा!" चार मी नीट तपासले. पाचवा नुसता आमच्या बसला लावला. शून्य आलं. "ठीक" लिहून सही केली.

आज जेवताना वर्गातला लंबू सहज बोलून गेला. निळी पट्टी लावलेल्या मीटरने सोमवारी आमच्या बसच्या दिव्यांच्या छोट्या बॅटरीवरही शून्य दाखवलं होतं. त्याला वाटलं बॅटरीच उतरली आहे, म्हणून त्याने मीटर तसाच परत ठेवला. पाचव्या मीटरलाच निळी पट्टी होती. मी ताटावरून उठलो आणि बसमध्ये जाऊन दिव्यांचं बटण दाबलं. सगळे दिवे लख्ख लागले. सोमवारपासून त्या बॅटरीला कुणी हातही लावलेला नाही, मी तिघांना विचारलं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "सोमवारी कळवतो. ते काय न तपासता वापरतील?" मग वहिनीला फोन केला. "भावजी, तुमच्या भांडणात मला ओढू नका," म्हणाली. येऊ का विचारलं, तर म्हणे तू दारात उभं करणार नाहीस. तिला आठवा महिना आहे, म्हणून मीटरचं तिला सांगितलं नाही. पण फोन ठेवता ठेवता तीच म्हणाली, "सोमवारी आठला नवी बस उघडायची आहे त्यांना. तुमच्या सहीचे मीटर आलेत म्हणून खुशीत आहेत. काल म्हणत होते, रागावलोय खरा, पण त्या पोराची सही असली की मी डोळे मिटून हात घालतो."

दादा, त्या सहीसाठी हे पत्र लिहिलं. ती खोटी आहे. निळ्या पट्टीचा मीटर फेकून दे, बाकीचे चार तू स्वतः तपास, आणि मग पूर्ण दहा मिनिटं थांब. नंतर जन्मभर माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

तुझाच, तू वाढवलेला,
धाकटा